ध्यानधारणा आणि पाण्याचा हंडा



दवाखान्यात बीपी वाढलेले निघाले की डॉक्टर गोळी लिहून देतात आणि वर सांगतात, ‘टेन्शन घेऊ नका.’ टेन्शन न घ्यायचे म्हणजे नेमके काय करायचे, हे मात्र चिठ्ठीवर नसते. माझी बरीच वर्षे वॉर्डात गेली, आता वस्त्यांमधून फिरते. माणमधल्या आपल्या बाया मला विचारतात, ‘सिस्टर, टँकर आला नाही, पोरगं ऊसतोडीला गेलंय, सोसायटीचं कर्ज डोक्यावर आहे, मग टेन्शन घ्यायचं नाही तर काय घ्यायचं?’ प्रश्न बरोबर आहे. उत्तर देताना आपल्याच समाजातले लोक दोन टोकांना जातात. एक म्हणतो, विपश्यना करा, सगळे ठीक होईल. दुसरा म्हणतो, डोळे मिटून बसणे हे पोट भरलेल्यांचे काम, आपण बाबासाहेबांची माणसे, आपला मार्ग संघर्षाचा. मला दोन्ही पटत नाहीत.

आधी शब्दाचे बघू. आपण रोज ज्या अष्टांगिक मार्गाचे नाव घेतो त्यात सम्यक स्मृती आहे. पालीत तिला ‘सती’ म्हणतात. (नवऱ्याच्या चितेवर जाळल्या जाणाऱ्या सतीशी याचा काही संबंध नाही. एका आजींनी मला हे घाबरूनच विचारले होते.) सती म्हणजे भान. आत्ता मी काय करते आहे, माझ्या अंगात काय चालले आहे, मनात काय उसळते आहे, याची जाण. पाचवे शील घेताना आपण नशेपासून दूर राहण्याचे वचन देतो. त्याचे कारणही शीलातच सांगितले आहे. नशेने प्रमाद होतो, म्हणजे माणसाचे भान सुटते. तेव्हा भान ठेवणे ही कुठल्या शिबिरात जाऊन शिकायची नवी गोष्ट नाही, ती आपल्या पंचशीलातच आहे.

तरी शिबिराविषयी बोलले पाहिजे, कारण वस्तीत विचारणा होते. सत्यनारायण गोएंका ब्रह्मदेशातून 1969 साली भारतात आले आणि त्याच वर्षी मुंबईत त्यांनी पहिले शिबिर घेतले. इगतपुरीचे धम्मगिरी केंद्र 1976 साली सुरू झाले. दहा दिवसांचे शिबिर, फी नाही, मौन पाळायचे, फोन जमा करायचा. आपल्यातले अनेकजण जाऊन आले आणि त्यांना फायदा झाला, हे मी पाहिले आहे. पण दहा दिवसांची मजुरी कोण भरून देणार? घरात दोन लेकरे आणि अंथरुणाला खिळलेली सासू असलेल्या बाईने कुठे जायचे? आणखी एक गोष्ट सांगते, ती नीट ऐका. ज्याला पूर्वी वेड्याचे झटके येऊन गेलेत, कानात आवाज येतात, किंवा जीव द्यावासा वाटतो, त्याला ‘मन शांत होईल’ म्हणून अशा शिबिराला पाठवू नका. दिवसभर गप्प बसून आत पाहत राहिले की असा आजार उफाळू शकतो. ती केंद्रेही गंभीर मानसिक आजार असलेल्यांनी येऊ नये असेच सांगतात. त्याला आधी मानसोपचार डॉक्टर हवा.

शहरात आता मोबाइलवर पैसे भरून ध्यान मिळते. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या एका वैद्यकीय विद्यापीठात जॉन कबात-झिन यांनी 1979 साली जुनाट दुखण्याच्या रुग्णांसाठी वर्ग काढला. त्याचा पाया बौद्ध ध्यान हाच होता. तिथून ते जगभरच्या दवाखान्यांत आणि कंपन्यांत गेले. म्हणजे आपलेच धन फिरून आपल्याला विकत मिळते आहे. एरवी याचा राग यावा, पण नर्स म्हणून मला त्यात एक उपयोगाची गोष्ट दिसते. श्वासाकडे लक्ष दिल्याने रुग्णाला बरे वाटते, हे डॉक्टरही आता मान्य करतात.

का बरे वाटते? माणूस घाबरला की भराभर, वरवर श्वास घेतो. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. मग बोटांना आणि ओठांना मुंग्या येतात, चक्कर येते, छाती आवळल्यासारखी वाटते. ते बघून माणूस अजून घाबरतो आणि श्वास अजून वाढतो. आपल्या वस्तीतून अशा कितीतरी बाया रात्री रिक्षात घालून नेल्या जातात, सलाईन लावले जाते, पैसे जातात, आणि सकाळी ‘काही नाही, टेन्शन आहे’ म्हणून घरी पाठवतात. श्वासाकडे लक्ष द्यायची सवय असलेल्या बाईला हे चक्र सुरू होतानाच कळते. श्वास आपोआप सावकाश होतो. बीपीही थोडे उतरते, सगळ्यांचे नाही, आणि गोळी बंद करण्याइतके तर नाहीच. ध्यान सुरू केले म्हणून बीपीची, शुगरची किंवा फिटची गोळी सोडायची नाही.

पण प्रत्येक धडधड मनाची नसते. आपल्या बायांची धडधड पुष्कळदा रक्त कमी असल्याची असते. आधी हिमोग्लोबिन तपासा. आणि छातीत दाब येऊन दुखणे डाव्या हातात किंवा जबड्यात जात असेल, दरदरून घाम फुटला असेल, तर श्वास बघत बसू नका, 108 ला फोन करा.

आता करायचे कसे? आनापानसती, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे लक्ष. श्वास ओढायचा नाही, रोखायचा नाही. नाकपुडीशी तो येतो-जातो, तेवढे जाणायचे. मन पळणारच, वैरणीकडे, हप्त्याकडे, भावकीच्या भांडणाकडे. पळाले हे कळले की परत आणायचे. ते कळणे हेच काम आहे. मन पळाले म्हणून ‘मला जमत नाही’ असे समजू नका. मांडी घालून बसता येत नसेल, गुडघे दुखत असतील, तर खुर्चीवर बसा. डोळे मिटले की भीती वाटते, जुना मार आठवतो, अशा बायांनी डोळे उघडे ठेवावेत किंवा अंगणात सावकाश चालावे. भिक्खू चालता चालता ध्यान करतात, त्याला चंक्रमण म्हणतात. टँकरच्या रांगेत हंडा धरून उभे असताना तळपायांना जमीन लागते आहे, याकडे लक्ष देता येते. भाकरी थापताना पिठाचा ओलसरपणा, तव्याची धग यांकडे देता येते. घरातल्या पुरुषांनी सकाळी दहा मिनिटे चूल सांभाळली तर बाईला बसूनही करता येईल. पण हे सुचवले की सगळे हसतात.

आता सगळ्यात महत्त्वाचे. ध्यान म्हणजे सोसायला शिकणे नव्हे. नवरा मारत असेल तर तो मार पचवण्यासाठी श्वास नाही, त्यासाठी 112 आहे, 181 आहे, शेजारणी आहेत. टँकर मुद्दाम वस्तीच्या आधीच रिकामा होत असेल तर पंचायतीत जाऊन बोलावे लागेल. श्वास एवढेच करतो की बोलताना आवाज थरथरत नाही आणि मुद्दा सुटत नाही.

आळवी गावची कथा धम्मपदाच्या अट्ठकथेत आहे. एका गरीब शेतकऱ्याचा बैल हरवला. तो शोधता शोधता उपाशीपोटी उशिरा प्रवचनाला पोहोचला. तथागत त्याच्यासाठी थांबले होते. त्यांनी आधी त्याला जेवायला घालायला लावले, मग धम्म सांगितला. भुकेल्याला धम्म कळणार नाही, हे त्यांनी ओळखले. दुष्काळी माणमध्ये ही कथा प्रत्येक विहारात सांगायला हवी. भिक्खू हा निव्वळ स्वतःला परिपूर्ण करत बसणारा माणूस असावा की समाजसेवक, हा प्रश्न बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’च्या सुरुवातीलाच विचारला आणि कौल समाजसेवकाला दिला. पोटाच्या आजाराने घाणीत पडलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदासह स्वतः धुतल्याचा प्रसंगही त्या ग्रंथात आहे. मी तो वाचते तेव्हा मला वॉर्ड आठवतो.

आपल्या शेजारच्या खटाव तालुक्यात गोरेगावला दुष्काळी कामावर तलाव खोदला जात होता. रामजीबाबा तिथे खजिनदार होते. 1901 साली त्यांना भेटायला भीमराव आणि बरोबरची मुले साताऱ्याहून निघाली, मसूर स्टेशनला उतरली. गाडीवान बसवून घेईनात. शेवटी दुप्पट भाडे देऊन पोरांनीच गाडी हाकली. बरोबर जेवण होते, पण पाणी कोणी दिले नाही. बाबासाहेबांनी हा प्रवास कित्येक वर्षांनी बारीकसारीक तपशिलासह लिहून ठेवला. स्मृतीचा मूळ अर्थ आठवणही आहे. झालेला अन्याय विसरून शांत होणे, असा सम्यक स्मृतीचा अर्थ कोणी सांगू लागला तर त्याला हा प्रवास वाचायला द्या.

माझी सूचना साधी आहे. आषाढ पौर्णिमेपासून वर्षावास सुरू होतो आणि आश्विन पौर्णिमेपर्यंत वस्तीवस्तीत ग्रंथवाचन चालते. वाचनाआधी दहा मिनिटे सर्वांनी शांत बसून श्वास पाहावा. लहान लेकरे सांभाळायला त्या वेळी तरुण पोरांची पाळी लावावी, नाहीतर बाया बाहेरच राहतील. आठवड्यातून एकदा आशाताईंना बोलावून तिथेच तिशीपुढच्या सगळ्यांचे बीपी मोजावे आणि वहीत लिहावे. ज्यांना झोप लागत नाही, जीव नकोसा वाटतो, त्यांच्यासाठी 14416 हा टेलिमानसचा नंबर विहाराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात रंगवावा. फोनला पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते. वाचन संपले की पाण्याच्या अर्जावर सह्या घ्यायलाही तीच वेळ बरी, सगळे जमलेलेच असतात.