तापानंतरची नजर

तापातून उठलेल्या रुग्णाने अंधुक दिसत असल्याची तक्रार केली, तर त्याच आठवड्यात त्याच्या नेत्रपटलाची तपासणी झालीच पाहिजे, असे आमचे ठाम मत आहे.

२०१८ साली स्क्रब टायफसने विदर्भातील आरोग्य यंत्रणेची झोप उडवली. त्याच कुळातला गोचीडताप मात्र अजूनही डेंग्यू-मलेरियाच्या गर्दीत हरवतो. गोचिडीच्या चाव्यातून शिरलेले रिकेट्सिया जिवाणू बारीक रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर हल्ला करतात. तळहात-तळपायांवर लाल पुरळ उठते. ताप आल्यापासून दोन-चार आठवड्यांत काहींच्या नेत्रपटलावर पांढुरके चट्टे उमटतात, मध्यभागी सूज येते आणि समोरच्या माणसाचा चेहराच पुसट होतो. बाहेरून डोळा बहुधा स्वच्छच दिसतो. मग रुग्ण चष्म्याचा नंबर बदलत बसतो आणि मोलाचे दिवस वाया जातात.

हे अक्षम्य आहे, कारण उपचार महाग नाही. डॉक्सिसायक्लिन वेळेत मिळाले, तर बहुतेकांची नजर सावरते.

सार्वजनिक आरोग्य विभागाने पावसाळ्यापूर्वीच तापाच्या केसपेपरवर गोचीडदंश, गुराढोरांशी व कुत्र्यांशी संपर्क आणि पुरळ यांची नोंद सक्तीची करावी. ग्रामीण रुग्णालयातून नेत्रतज्ज्ञाकडे थेट पाठवणीची व्यवस्थाही तातडीने लावावी.