अप्पर मारून काय उजेड पाडताय?

बावडेकरांनो, जरा स्पष्टच बोलतो. राग आला तर येऊ दे.

परवा रात्री शिये रोडनं घराकडं येत होतो. समोरनं एक चारचाकी आली. अप्परवर, त्यात बंपरला दोन पांढरेफेक फोकस. दोन-तीन सेकंद डोळ्यांपुढं नुसता उजेड. दिसायला लागलं तेव्हा पुढ्यातच उसाची ट्रॉली उभी! मागं ना लाल दिवा, ना रिफ्लेक्टर. ब्रेक लागला, म्हणून ही पोस्ट लिहितोय.

"रस्त्यावर अंधार असतो, लाईट वाढवायची न्हाई तर काय करायचं?" हे सगळ्यांचं ठरलेलं उत्तर. अडचण खरी आहे, उपाय चुकीचा आहे.

जरा हिशेब बघा. कंपनीचा हॅलोजन बल्ब अप्परला ६० वॅटचा. दोन बल्बचे १२० वॅट, १२ व्होल्टवर १० अँपिअर करंट. तुम्ही १०० वॅटचे बसवले की करंट जातो १७ अँपिअरच्या घरात. वायर तीच, स्विच तोच. वायरमधली उष्णता करंटच्या वर्गानं वाढते, म्हणजे जवळजवळ पावणेतीन पट. मग फ्यूज उडतो, आणि आपण काय करतो? मोठा फ्यूज घालतो! फ्यूज वायर वाचवायला असतो राव. तो उडाला नाही तर वायर पेटणार.

जुन्या गाडीची लाईट मंद पडली तर बहुतेक वेळा दोष बल्बचा नसतो. अर्थिंग गंजलेलं असतं, स्विचमध्ये व्होल्टेज पडतं. रिले बसवा. स्विचनं फक्त रिलेची कॉईल चालवायची, मोठा करंट बॅटरीतनं फ्यूज आणि रिलेमार्गे थेट बल्बला. त्याच बल्बचा उजेड वाढतो.

आता एलईडी. हॅलोजनचा रिफ्लेक्टर फिलामेंटच्या जागेवर बेतलेला असतो. त्यात भलताच एलईडी कोंबला की प्रकाश रस्त्यावर कमी आणि समोरच्याच्या डोळ्यात जास्त.

फॉग लाईटचं तर विचारूच नका. ती खाली बसवायची, रुंद आणि बुटका प्रकाश पाडायची. तिला रिले वेगळा, फ्यूज वेगळा, स्विच वेगळा. हिवाळ्यात पंचगंगेकाठी पहाटे धुकं पडतं, आंबा घाटात, गगनबावड्यात पावसाळाभर असतं, तिथं ती कामाची. धुक्यात अप्पर मारला तर थेंबांवरनं उजेड उलटा आपल्याच डोळ्यात येतो. पण आपल्याकडं फॉग लाईट चालू कुठं? भगवा चौकात, स्वच्छ हवेत, मिरवायला!

कायदा नाही असंही नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९, नियम १०६ : दिव्याचा झोत कायम खाली वळलेला किंवा खाली वळवता येणारा पाहिजे, ८ मीटरवरच्या, दीड मीटर उंचीवरच्या डोळ्याला तो दिपवता कामा नये. नियम आहे, तपासणार कोण? हेल्मेटसाठी गाडी अडवता, तशी एक रात्र फोकससाठी पण अडवा की.

आणि ट्रॉलीवाले दादा, मागं रिफ्लेक्टरची पट्टी लावायला कितीसा खर्च येतो? त्या अंधारात सायकलवरनं रात्रपाळीला जाणारा माणूस आपलाच असतो.

उद्या गॅरेजला गेलात की "जास्त पॉवरचा बल्ब दे" म्हणू नका. "अर्थिंग बघ, रिले बघ, झोत खाली कर" म्हणा. आणि आज रात्री समोरनं कोण आलं, तर डिप्पर द्या. त्याला पैसे पडत नाहीत.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर कमेंटमध्ये भांडा, पण डिप्परवर.