भूत पडद्यावरच राहू द्या

हसनाबाद आणि आसपासच्या गावांतल्या मायबापांनो,

विनोदी भूतपटाचा दुसरा भाग आला की, "पहिल्याची सर नाही," असं न बघताच म्हणू नका. भूत कोण, कुठून आलं, कशाला भितं, हे सांगण्यातच पहिल्या भागाचा बराच वेळ जातो. दुसऱ्या भागात ते सगळं आपल्याला ठाऊक असतं. भीती ओसरते आणि धमालीला मोकळं रान मिळतं. म्हणूनच १९८१च्या 'इव्हिल डेड'पेक्षा १९८७चा त्याचा दुसरा भाग जास्त हसवतो. २०२४च्या 'स्त्री २'ने २०१८च्या 'स्त्री'पेक्षा कितीतरी जास्त गल्ला जमवला.

आपला तात्या विंचूच घ्या. महेश कोठारे यांच्या १९९३च्या 'झपाटलेला'त या गुंडाचा आत्मा मृत्युंजय मंत्राच्या जोरावर बाहुल्यात शिरतो. २०१३च्या 'झपाटलेला २'मध्ये तोच बाहुला थ्रीडीत अंगावर येतो, आणि सोबत आपल्या मराठवाड्याचे मकरंद अनासपुरे आहेत. पहिल्या भागातल्या लक्ष्मीकांत बेर्डे यांची जागा कुणी भरून काढू शकलं नाही, हे खरंच. पण बाहुल्याच्या करामतींत मला दुसरा भाग उजवा वाटतो.

पोरांना दोन्ही भाग क्रमाने दाखवा. लेकरू घाबरलं तर जवळ घ्या आणि सांगा, हा बाहुला रामदास पाध्ये यांच्या हातचा आहे, आवाज दिलीप प्रभावळकरांचा आहे. मग पोरच विचारेल, "त्याला हलवतं कोण?"

हाच प्रश्न आपणही गावात विचारायला शिकू या. घरातली सून गप्प-गप्प राहते, रात्री दचकून उठते, म्हणून कुणी 'बाहेरचं आहे' म्हणालं, तर तिला मांत्रिकाकडे नेऊ नका, डॉक्टरांकडे न्या. विंचू किंवा साप चावला तर मंत्र टाकण्यात वेळ घालवू नका, १०८ला फोन करा. भूत उतरवतो म्हणून मारहाण करणं, साखळीने बांधणं, मिरचीची धुरी देणं हा २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. असं कुठे दिसलं तर हसनाबाद पोलीस ठाण्यात कळवा. शेजारी काय म्हणतील, याची भीड बाळगू नका.

सिनेमातल्या भुताला पोटभर हसा. घरातल्या आजारी माणसाला मात्र वेळेवर औषध मिळू द्या.