अडखळत्या शब्दांचा सोबती

घरातील मूल बोलताना अडखळू लागले की आपण सहज म्हणतो, 'सावकाश बोल, घाबरू नकोस.' हेतू मायेचाच असतो. परंतु त्या सूचनेने मुलाचे लक्ष सांगावयाच्या गोष्टीवरून उडते आणि जिभेवर खिळते. या संदर्भात लायोनेल लोग या वाचा-उपचारकाचे जीवन मनन करण्याजोगे आहे.

लोग यांचा जन्म १८८० साली ऑस्ट्रेलियातील अ‍ॅडलेड येथे झाला. वैद्यकाची पदवी त्यांच्यापाशी नव्हती. ते वक्तृत्वाचे शिक्षक होते. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या, आघाताने वाचा बिघडलेल्या सैनिकांना पर्थ शहरात साहाय्य करताना त्यांना आपले जीवितकार्य गवसले. १९२४ साली ते पत्नी व तीन मुलांसह लंडनला गेले. दोन वर्षांनी, ऑक्टोबर १९२६ मध्ये, त्यांच्याकडे ड्यूक ऑफ यॉर्क, म्हणजेच पुढील काळातील राजे सहावे जॉर्ज, उपचारांसाठी आले. ते बालपणापासून अडखळत बोलत. लोग यांनी त्यांना श्वसनाचे व स्वरोच्चाराचे व्यायाम दिले, नित्य सरावाचा आग्रह धरला आणि आपण बोलू शकतो हा विश्वासही दिला. ९ मे १९२७ रोजी कॅनबेरा येथील संसद भवनाच्या उद्घाटनाचे भाषण ड्यूकनी पार पाडले.

तथापि अडखळणे समूळ गेले नाही. ३ सप्टेंबर १९३९ रोजी दुसऱ्या महायुद्धाची वार्ता देणारे नभोवाणीवरील भाषण राजांनी थांबत थांबतच केले. लोग त्या वेळी त्याच खोलीत होते. राजे अडखळले, पण बोलले. उपचारांचे खरे यश तेच होय.

अडखळणे हा हट्ट, आळस वा बुद्धीची उणीव नव्हे. त्याची मुळे मेंदूच्या कार्यात व आनुवंशिकतेतही असतात. म्हणून मुलाचे वाक्य आपण पुरे करू नये, नजर वळवू नये, चारचौघांत त्याची नक्कल होऊ देऊ नये. अडखळणे काही महिने टिकले, किंवा मूल बोलणेच टाळू लागले, तर वाचा व भाषा उपचारतज्ज्ञांकडे विनाविलंब जावे. आज या व्यवसायासाठी पदवी आणि भारतीय पुनर्वसन परिषदेची नोंदणी आवश्यक असते. तिची चौकशी अवश्य करावी.

तोवर एक उपचार आपल्याच हाती आहे : मुलाचे शेवटच्या शब्दापर्यंत ऐकून घेणे.