अक्षर सुधारलं, लॅटिनचं काय?

डॉक्टरांच्या अक्षरावरचे विनोद आता पुरे. ते अक्षर आज ना उद्या सुधारणार आहे. औषधाचं नाव सुवाच्य, शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहा, असं मेडिकल कौन्सिलने २०१६ सालीच सांगितलं. ऑगस्ट २०२५ मध्ये पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने वाचता येणारी चिठ्ठी हा रुग्णाचा मूलभूत हक्क मानला. शहरातल्या बऱ्याच दवाखान्यांत चिठ्ठी प्रिंटरमधूनच येते. मोत्यासारखं अक्षर! आणि त्या मोत्यांत छापलेलं असतं : टीडीएस, पीसी, एचएस, एसओएस.

काय कळलं? नोकरदाराला टीडीएस म्हणजे पगारातून कापलेला कर. पीसी म्हणजे कंप्युटर. एसओएस म्हणजे बुडत्या जहाजाची हाक. चिठ्ठीत मात्र टीडीएस म्हणजे दिवसातून तीनदा, पीसी म्हणजे जेवणानंतर, एचएस म्हणजे झोपताना आणि एसओएस म्हणजे गरज पडली तर. ही सगळी लॅटिन शब्दांची आद्याक्षरं. वाचता येणं आणि समजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपण फक्त पहिलीसाठी भांडतोय.

'ही जगभर चालणारी वैद्यकीय भाषा आहे,' असं म्हणतात. ती जगभर सारखी नाही. आपल्याकडे ओडी म्हणजे दिवसातून एकदा. डोळ्यांच्या डॉक्टरकडे तेच ओडी म्हणजे उजवा डोळा. वर काही गोळ्यांच्या नावातच शेपटीला ओडी असतं. अमेरिकेत 'रोज एकदा'साठी क्यूडी लिहीत. ते 'एक दिवसाआड'च्या क्यूओडीसारखं दिसतं, म्हणून तिथल्या जॉइंट कमिशनने २००४ मध्ये दोन्ही निषिद्ध यादीत टाकली. त्याच यादीत युनिटसाठीचं 'यू' हे अक्षरही आहे, कारण ते शून्यासारखं दिसतं. चार युनिट इन्सुलिनचे चाळीस व्हायला तेवढं पुरतं.

'मेडिकलवाला सांगतो की!' सांगतो, गर्दीतून, पट्टी कापता कापता. फार तर पाकिटावर पेनाने तीन रेघा मारतो. पण रात्री साडेदहाला घरी आजीला गोळी देताना तो शेजारी नसतो, चिठ्ठी असते. संधिवातासाठी दिली जाणारी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर जीव जाऊ शकतो. तिथे 'फक्त सोमवारी' असा वार मराठीत हवा, आद्याक्षरं नकोत.

मी सॉफ्टवेअर लिहितो. आमच्याकडे डेटाबेसमध्ये 'स्टेटस ४' असतं, ग्राहकाला मात्र 'तुमची ऑर्डर रद्द झाली' असं दिसतं. ग्राहकाला ४ दाखवला तर ॲपची अब्रू जाते. मग डॉक्टरने पडद्यावर बीडी निवडल्यावर कागदावर 'सकाळी १, रात्री १' का छापू नये? हे अवघड काम नाही, आणि डॉक्टरचा एक सेकंदही जास्त जाणार नाही. तरी ते सगळीकडे होत नाही, कारण सॉफ्टवेअर विकत घेतो दवाखाना. त्यात रुग्णाला गिऱ्हाईक म्हणून कुणी मोजतच नाही.

अर्थात, नुसतं भाषांतर पुरणार नाही. एसओएसच्या जागी 'गरज पडल्यास' छापलं, तरी किती ताप आला म्हणजे गरज? दोन गोळ्यांत किती तास? दिवसात जास्तीत जास्त किती? आद्याक्षरांचा खरा तोटा इथे आहे. ती लिहिली की सूचना पूर्ण झाल्यासारखी वाटते, आणि अर्धी सूचना डॉक्टरच्या डोक्यातच राहते.

म्हणून पुढच्या वेळी चिठ्ठी हातात आली की खुर्चीतून उठण्याआधी विचारा : कशासाठी, किती, केव्हा, किती दिवस? आणि उत्तर त्याच कागदावर मराठीत लिहून मागा. मागे रांग लागली असेल तर लागू द्या. रांगेतल्यांनाही तेच हवंय.