शाल-नारळ नको, तासिका द्या

मी ढोलकीवाला. शिक्षण दहावी, तेही गणितात काठावर पास. तरी दोन वर्षं झाली, गावच्या शाळेत सहावीच्या पोरांना लसावि शिकवतोय.

वर्गाचे दोन गट करतो. एक गट दादरा मोजतो, ६ मात्रा; दुसरा केरवा, ८. आपापल्या समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, टाळी द्यायची. सुरुवातीला नुसता गलका, कुणी मध्येच पळतं. मग २४ मात्रा भरतात आणि पुढच्या मात्रेला दोन्ही गटांची टाळी एकदम पडते. त्या दिवशी मागच्या बाकावरची एक पोरगी म्हणाली, "काका, म्हणजे रूपक आणि दादरा ४२ नंतर भेटणार!" रूपकाच्या ७ मात्रा मी सांगितल्या होत्या, गुणाकार तिचा तिनं केला.

पहिल्या वर्षी माझं चुकलं होतं. लावणीचा ठेका धरला, पोरं नाचली, घंटा झाली. हाती शून्य. गुरुजींसोबत बसून पाठ आखला, तेव्हा जमलं. कला म्हणजे गणितावर भुरभुरायची कोथिंबीर नव्हे.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात कलेतून विषय शिकवा, स्थानिक कलाकारांना शाळेत आणा, असं लिहिलंय. आणतात की, स्नेहसंमेलनाला! घरात ११ शाली पडून आहेत. बारावी नको. वेळापत्रकात आठवड्याला एक तासिका लावा आणि तिचं मानधन द्या.