त्याच वर्गात बसवलेलं पॅकेज



परवा पुण्याचा भाचा राहुरीला आला होता. (आमच्या जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं, पण माझ्या जिभेवर अजून 'नगर'च होल्डवर आहे!) माझा उबुंटू बघून त्याने कपाळाला हात लावला. "मामा, अहो हे छपाईचं पॅकेज २०२३ पासून होल्डवर आहे?"

आहे खरं. एका अपग्रेडनंतर माझा जुना प्रिंटर रुसला. मग जुनी आवृत्ती परत घातली आणि 'ॲप्ट-मार्क होल्ड' अशी आज्ञा देऊन तिला तिथेच थांबवलं. प्रिंटर चालू, मी खूश... आणि विसरलो.

भाचा म्हणतो, होल्ड लावूच नये. हे मला पटत नाही. मार्च २०२४ मधलं एक्सझेड प्रकरण आठवा. ५.६.० आणि ५.६.१ या नव्या आवृत्त्यांतच कुणीतरी चोरदरवाजा बसवला होता. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, एवढंच आंद्रेस फ्रॉइंड यांना खटकलं, म्हणून तो सापडला. डेबियन स्टेबल जुन्या आवृत्तीवर होती, ती वाचली. नवं दिसलं की घातलं, असं करणाऱ्यांची मात्र धावपळ झाली.

पण त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कप्स या छपाईव्यवस्थेतली भोकं जाहीर झाली. नेटवर्कवरून कुणी परका तुमच्या यंत्रात खोटा प्रिंटर घुसवणार, आणि तुम्ही त्यावर छापायला गेलात की त्याची आज्ञा चालणार! दुरुस्ती लगेच आली. माझं पॅकेज नेमकं याच कुटुंबातलं, आणि होल्डला सुरक्षेची दुरुस्ती वेगळी ओळखता येत नाही. तीही दारातच अडते. याच संगणकावर मी पेन्शनचं खातं बघतो हो.

आमच्या वेळी शाळेत एखाद्या मुलाला त्याच वर्गात ठेवलं, तर पुढच्या वर्षी त्याची पुन्हा परीक्षा व्हायची. या पॅकेजची ती मी घेतलीच नाही. होल्ड लावला यात चूक नव्हती, तारीख आणि कारण कुठे लिहिलं नाही ही चूक. आता वहीत एक पान केलंय. दर १ तारखेला पेन्शन बघायच्या आधी 'ॲप्ट-मार्क शोहोल्ड' ही आज्ञा देतो, अडवलेल्यांची हजेरी समोर येते.

असो. त्या दिवशी 'अनहोल्ड' करून अपग्रेड केलं. प्रिंटर पुन्हा रुसला. आता नवा घ्यावा लागणार. घरात अजून सांगितलेलं नाही, आणि सौ. हे पान वाचतात.